दर तासाला एक आकडा



संशोधक म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? पांढरा डगला, विस्कटलेले केस, हातात चंचुपात्र आणि त्यातून निघणारा रंगीत धूर. (डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्या मुलांना रंगीत धुराचे फारसे कौतुक नसावे, हा भाग वेगळा.) सिनेमातला हा गृहस्थ एका रात्रीत शोध लावतो आणि सकाळी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच, "सर, संशोधक रोज नक्की करतात तरी काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. शोध काही रोज लागत नाही. मग उरलेल्या दिवशी प्रयोगशाळेत चालते काय?

या प्रश्नाचे उत्तर व्याख्या देऊन सांगता येत नाही. त्यासाठी एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत जाऊन बसले पाहिजे. आपण अशीच एक जागा निवडू या. ठाण्या-कल्याणहून लोकलने मुंबईला उतरून दक्षिण टोकाला गेले की कुलाबा लागते. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू. १८४१ सालापासून तेथे आणखी एक काम सुरू झाले: पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप. पुढे हे काम अलिबागला गेले. तेथे ते आजही चालू आहे.

मोजायचे ते काय?

होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते हे तुम्ही पाचवी-सहावीतच शिकलात. पण ती नेमकी किती जोराने वळते आणि हा जोर रोज सारखाच असतो का, हे कोणी विचारीत नाही. तो सारखा नसतो. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. शांत दिवशी सकाळपासून तो हळूहळू वाढतो, दुपारी बाराच्या थोडा आधी सर्वांत जास्त होतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली येतो. ही वाढ साधारणपणे चाळीस-पन्नास नॅनोटेस्ला, म्हणजे साडेसातशे भागांत एक भाग एवढीच. सूर्यप्रकाशाने वातावरणाच्या वरच्या थरात, शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कण तयार होतात. ते वाऱ्यांबरोबर वाहतात, त्यामुळे तेथे विजेचा प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहाचे चुंबकत्व जमिनीवरील चुंबकाला जाणवते.

साडेसातशे भागांत एक भाग इतका बारीक फरक, तोही विजेचे दिवे नव्हते त्या काळात, मोजायचा कसा? युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एक पोलादी चुंबक दोन समांतर धाग्यांनी टांगायचा आणि धाग्यांना वरून पीळ द्यायचा. पीळ इतका द्यायचा की चुंबक उत्तर-दक्षिण न राहता पूर्व-पश्चिम होईल. आता दोन बले एकमेकांशी झुंजत आहेत. पृथ्वीचे क्षेत्र चुंबकाला उत्तरेकडे ओढते आहे. उलट पीळ उलगडावा म्हणून चुंबकाचे स्वतःचे वजन त्याला दुसरीकडे फिरवू पाहते आहे, कारण पीळ पडला की चुंबक किंचित वर उचलला जातो आणि वजनाला खाली यायचे असते. दोघांचा तोल साधला की चुंबक स्थिर. मग पृथ्वीचे क्षेत्र जरा जरी कमी झाले तरी पिळाची सरशी होते आणि चुंबक थोडा फिरतो.

हे फिरणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चुंबकाला एक लहानसा आरसा चिकटवतात आणि समोर दोन मीटरवर एक मोजपट्टी व एक दुर्बीण ठेवतात. दुर्बिणीतून आरशात पट्टीचे प्रतिबिंब दिसते. आरसा एका कोनातून फिरला की परावर्तित किरण दुप्पट कोनातून फिरतो, हा नियम तुम्हांला ठाऊक आहे. हिशेब करून पाहा. चुंबक एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, फिरला तर दोन मीटरवरच्या पट्टीवर आकडा सुमारे १.१६ मिलिमीटरने सरकेल. एवढे सहज वाचता येते.

आता निरीक्षकाचे काम लक्षात आले ना? दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, घड्याळ पाहायचे, तापमान वाचायचे आणि वहीत लिहायचे. तासाभराने पुन्हा तेच. रात्रीही तेच. पावसाळ्यात, कुलाब्याच्या खाऱ्या वाऱ्यात, गणपतीत आणि दिवाळीत तेच. या वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून एक सोळा वर्षांचा मराठी मुलगा लागला होता. अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे थोर अध्यापक म्हणून गाजलेले आणि लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. दहाएक वर्षे त्यांनी कुलाब्यात वेध घेण्यात काढली. तुमच्यातील दहावी-अकरावीच्या मुलांनी त्यांचे तेव्हाचे वय पुन्हा एकदा वाचावे.

तापमान कशाला लिहायचे?

वहीतला तापमानाचा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. संशोधकाच्या रोजच्या कामाचे मर्म त्यातच आहे. पोलादी चुंबक तापला की त्याची शक्ती कमी होते. समजा, एका अंशाला दहा हजारांत तीन भाग कमी होते. ३८ हजारांचे दहा हजारांत तीन भाग म्हणजे सुमारे अकरा. खोलीचे तापमान सकाळपासून दुपारपर्यंत चार अंशांनी वाढले, तर यंत्र सुमारे पंचेचाळीस नॅनोटेस्लांची घट दाखवील. ही घट पृथ्वीच्या क्षेत्रात झालेली नसून केवळ चुंबकातली आहे. आणि गंमत पाहा, त्याच वेळी खरे क्षेत्र चाळीस-पन्नासांनी वाढते आहे! दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील आणि आपण बिनदिक्कत लिहू, 'दिवसभरात काहीही बदल नाही.'

म्हणून वेधशाळेच्या भिंती जाड ठेवतात, खोलीत खोली बांधतात, दारे उगाच उघडत नाहीत. तरीही तापमान बदलतेच. मग चुंबक मुद्दाम तापवून आणि थंड करून त्याची शक्ती दर अंशाला किती बदलते ते आधी काढून ठेवावे लागते आणि प्रत्येक वाचनाला तेवढी दुरुस्ती द्यावी लागते. प्रत्येक वाचनाला! दर तासाला एक या हिशेबाने वर्षाची वाचने ८,७६० होतात. साठ वर्षांची ५,२५,६००. हे झाले एका यंत्राचे. दिशा मोजणारा चुंबक वेगळा, उभा घटक मोजणारा वेगळा. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींची छाननी करून त्यावर नानाभाई मूस यांनी १९१० साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. तेव्हा गणकयंत्रे नव्हती. सरासऱ्या माणसांनी काढल्या आणि दुसऱ्या माणसांनी त्या तपासल्या.

हे काम कंटाळवाणे नाही, असे मी म्हणणार नाही. ते कंटाळवाणे असते. ज्याला कंटाळा सोसत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कंटाळा सोसण्यामागे काहीतरी कारण हवे, आणि ते कारण बरेचदा आगाऊ ठाऊक नसते. आता १८५९ साली काय घडले ते ऐका.

त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलनिरीक्षक आपले नेहमीचे काम करीत होता. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडायची आणि त्यावरील डागांचे चित्र काढायचे, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका मोठ्या समूहावर त्याला अचानक पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके चमकताना दिसले. साक्षीदार आणावा म्हणून तो धावत गेला. परत आला तोवर प्रकाश मंदावला होता. पाचेक मिनिटांत सगळा खेळ आटोपला. सुदैवाने हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही तो स्वतंत्रपणे पाहिला होता.

सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकत्व खवळले. दोन्ही प्रसंगांचा संबंध आज आपल्याला माहीत आहे. सूर्यावरून उसळलेला विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट पृथ्वीवर येऊन आदळला होता. पंधरा कोटी किलोमीटर अंतर साडेसतरा तासांत. म्हणजे सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटर. एरवी अशा लोटाला दोन-तीन दिवस लागतात. अमेरिकेत तारायंत्राच्या काही कचेऱ्यांत बॅटरी सोडवून ठेवल्या, तरी तारांत आपोआप निर्माण झालेल्या प्रवाहावर संदेश जाऊ लागले. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा प्रकाश विषुववृत्ताच्या दिशेने कितीतरी खाली दिसला. युरोपातील ज्या वेधशाळांत नोंदी छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप होत, त्यांपैकी काही ठिकाणी प्रकाशबिंदू कागदाच्या कडेबाहेर निघून गेला. वादळ ऐन भरात आले, पण त्याचा आकडा तेथे उमटलाच नाही.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याला आपोआप नोंदणारे यंत्र अजून आले नव्हते. ते १८७२ साली आले. दुर्बिणीमागे माणूस बसलेला होता. पट्टीवरचा आकडा झपाट्याने सरकू लागलेला पाहून निरीक्षकांनी तासाची वाट पाहिली नाही. चुंबक अस्वस्थ झाला की वाचने पंधरा-पंधरा, प्रसंगी पाच-पाच मिनिटांनी घ्यायची, अशी तेथील रीत होती आणि त्यांनी ती पाळली. क्षितिजसमांतर घटक दीड-दोन तासांत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली कोसळला आणि पुन्हा वर येऊ लागला. शांत दिवशीच्या चढउताराशी तुलना करा: तीस पटींहून जास्त! लोकांनी आकडे लिहिले, दुरुस्त्या दिल्या, वही मिटली. वर्षाचा अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला.

तो तेथे जवळजवळ दीड शतक राहिला. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अलेक्स या चार शास्त्रज्ञांनी त्या नोंदी बाहेर काढून त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. यांपैकी गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स हे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. एवढ्या मोठ्या वादळाची विषुववृत्तालगतच्या प्रदेशातील सलग नोंद जगाला मिळाली ती कुलाब्याच्या वहीतून.

तुम्ही म्हणाल, जुन्या वादळाचे एवढे काय? १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांतात एका चुंबकीय वादळाने दीडएक मिनिटात विजेचे जाळे बंद पडले आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली. लांबच लांब विजेच्या तारांत वादळामुळे जादा प्रवाह वाहू लागतात आणि रोहित्रे त्यासाठी बांधलेली नसतात. कल्याणच्या पडघा केंद्रासारख्या ठिकाणी उंच मनोरे आणि जाडजूड तारा तुम्ही पाहिल्या असतील. असे जाळे बांधणारा अभियंता शास्त्रज्ञाला एकच प्रश्न विचारतो: वादळ जास्तीत जास्त किती मोठे येऊ शकते? अंदाजावर रोहित्रे बांधता येत नाहीत. त्याला आकडा हवा असतो. १८५९ चा आकडा त्यासाठी लागतो.

त्या आकड्यावर वाद झाला नाही असे समजू नका. काही अभ्यासकांनी म्हटले की, १,६०० हा क्षणिक तळ आहे. आजची वादळे आपण तासाच्या सरासरीने मोजतो, तशी सरासरी धरली तर आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय त्या घसरणीतला काही भाग वरच्या वातावरणातील स्थानिक प्रवाहांचा असू शकेल. निम्म्यावर आला तरी तो मे २०२४ मधील वादळाच्या दुप्पट भरतो, आणि त्या वादळात लडाखमधील हान्ले येथून आकाशात लाल प्रकाश दिसला होता. असे वाद हेही संशोधकाचे रोजचेच काम. मात्र हा वाद घालता आला, कारण वहीत वेळ होती, तापमान होते, यंत्राचे वर्णन होते आणि प्रत्येक वाचन वेगळे लिहिलेले होते. नुसते 'आज चुंबक फार हलला' असे लिहिले असते तर वाद घालायलाही काही उरले नसते.

आता आपल्या लोकलकडे येऊ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली तेव्हा कुलाब्याच्या चुंबकांना तिचा उपद्रव झाला नाही. वाफेच्या इंजिनाला विजेचा प्रवाह लागत नाही. पण विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणायचे ठरले आणि वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. एका लांब सरळ तारेतून १,००० अँपियरचा प्रवाह वाहत असेल, तर एक किलोमीटर अंतरावर तिचे क्षेत्र किती? सूत्रात घालून पाहा: २०० नॅनोटेस्ला. प्रवाह परत जाण्याचा मार्ग तारेच्या अगदी जवळून, म्हणजे रुळांतून, असला तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ नाहीशी करतात. पण परतीच्या प्रवाहातला काही भाग रुळांतून जमिनीत झिरपतो आणि वाटेल त्या मार्गाने जातो. तेवढा भाग शिल्लक राहतो. पन्नास नॅनोटेस्लांचा बदल मोजणाऱ्याला तेवढाच उपद्रव पुरेसा आहे.

वेधशाळेने ट्रामशी भांडण मांडले नाही. शहराला ट्राम हवीच होती. त्यांनी दूर अलिबागला जागा शोधली, चुंबकत्व नसलेला दगड पारखून घेतला आणि लोखंडाचा खिळाही न वापरता इमारत उभी केली. आणि मग मला सर्वांत आवडणारी गोष्ट केली: १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. कारण उघड आहे. कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांत थोडा कायमचा फरक असणारच. तो किती, हे कळल्याशिवाय जुनी मालिका नवीला जोडता येत नाही. दुप्पट माणसे, दुप्पट काम, दोन वर्षे. आणि हे सारे का, तर साखळीची एक कडी निसटू नये म्हणून. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची आगगाडी धावली. पुढे ठाणे, डोंबिवली, कल्याण असे करीत १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या तारा आपल्या दारापर्यंत आल्या. २०१५-१६ पर्यंत मध्य रेल्वेने मुंबईतली ही पद्धत बदलून २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला. तेवढ्याच शक्तीला आता कितीतरी कमी अँपियर पुरतात, आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहामागे टांगलेला चुंबक धावू शकत नाही. अलिबागचे निरीक्षक मात्र आजही वेध घ्यायच्या खोलीत शिरण्यापूर्वी खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, कमरेचा पट्टा बाहेर ठेवतात. यंत्रे आता स्वतःच नोंद करतात. तरी त्या यंत्रांचा शून्यबिंदू सरकला नाही ना, हे पाहायला ठरावीक दिवशी माणूस अजून हाताने मोजतो.

हे सारे घरी करून पाहायची इच्छा असेल तर सामान थोडेच लागते. एक लहान पट्टीचुंबक, नखाएवढा आरशाचा तुकडा, पीळ नसलेला रेशमाचा एक तंतू आणि लोणच्याची रिकामी काचेची बरणी. चुंबक बरणीत आडवा टांगा, म्हणजे त्याला वारा लागणार नाही. तो आपोआप उत्तर-दक्षिण होईल. आरशावर लेझर टॉर्चचा किरण सोडा (डोळ्यांत जाऊ देऊ नका, शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना जवळ बसवा) आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर आलेखाचा कागद लावून ठिपक्याची जागा वाचा. लोखंडी कपाट, मिक्सर, ध्वनिवर्धक यांपासून जितके दूर जाता येईल तितके जा. सिमेंटच्या इमारतीत सळ्या असतात, त्या काही हलवता येणार नाहीत. पण त्या जागच्या जागी राहतात, म्हणून फारसे बिघडत नाही. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला वाचन घ्या. शाळेच्या दिवशी भावंडांची किंवा आजोबांची मदत घ्या आणि वाचन कोणी घेतले तेही लिहा.

वही बांधलेली घ्या, सुट्या कागदांवर लिहू नका. पेनने लिहा. चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहा, जुना वाचता आला पाहिजे. रकाने पाच: तारीख, वेळ, वाचन, तापमान, शेरा. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवा.

पहिल्या आठवड्यात तुम्हांला पृथ्वी दिसणार नाही. दिसेल ती खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांची स्कूटर. सकाळी सव्वानऊला ठिपका दोन मिलिमीटर सरकतो आणि सायंकाळी सातला परत येतो, असा 'शोध' तुम्हांला लागेल. शेऱ्यात स्कूटरची वेळ लिहू लागलात की त्याचा उलगडा होईल. मग तंतूचा पीळ हळूहळू सुटतो आहे, हे लक्षात येईल. त्यामुळे सर्व आकडे एकाच दिशेने रांगत जातात. तो सुटेपर्यंत चार-सहा दिवस थांबा. हे सगळे उपद्रव ओळखून बाजूला काढले, दहा-पंधरा दिवसांच्या प्रत्येक तासाची सरासरी घेतली आणि नशिबाने जागा चांगली मिळाली असेल, तर सकाळ आणि दुपार यांच्या दरम्यान दोन-चार मिलिमीटरांचे एक हलके वळण कागदावर उरेल. ते रोजच्या रोज त्याच तासांना येते का, ते पाहा. येत असेल तर तापमानाचा रकाना काढा आणि त्याचाही आलेख शेजारी मांडा.